जुन्या गाडीची आरसी रिन्यू करायचीय? आधी फीचं गणित समजून घ्या

'वीस वर्षं जुन्या गाडीची फी डबल' असा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर नक्कीच आला असेल. मेसेज खरा आहे, पण अर्धवट आहे.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी ती रिन्यू करावी लागते. २०२२ पर्यंत बाईकसाठी ३०० आणि कारसाठी ६०० रुपये लागायचे. १ एप्रिल २०२२ पासून बाईकला १,००० आणि कारला ५,००० झाले. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने नवा मसुदा आणला आणि ऑगस्टमध्ये तो नियम झाला. गाडी २० वर्षांपेक्षा जुनी असेल तर बाईकला २,००० आणि कारला १०,००० रुपये. परदेशातून आणलेल्या कारला तर थेट ८०,०००! दिल्ली-एनसीआर यात नाही, कारण तिथे जुन्या गाड्यांवरची बंदी हा वेगळाच विषय आहे.

आता माझ्या आवडीचं उदाहरण घेऊ. यामाहा आरएक्स १००, नोंदणी १९९४ ची. २०१९ ला रिन्यूअल ३०० रुपयांत झालं, २०२४ ला १,००० लागले, २०२९ ला २,००० लागतील. गाडी तीच, पण दहा वर्षांत फी जवळपास सातपट.

तरी खरा फटका या फीचा नाहीच, तो उशिराचा आहे. मुदत संपल्यावर अर्ज केला नाही तर नियमाप्रमाणे बाईकला दर महिन्याला ३०० आणि कारला ५०० रुपये जादा. गावाकडे पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं विसरलेली बाईक असेल तर ३६ गुणिले ३००, म्हणजे १०,८०० रुपये. तेवढी त्या गाडीची किंमत तरी येईल का? आजोबांची स्कूटर भंगारात का जाते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

शिवाय ही फी केंद्राच्या नियमातली आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो तो राज्याचा, आणि तो वेगळा भरावा लागतो. दोन्ही आकडे एकत्र करून घाबरवणारे मेसेज मी खूप पाहिलेत.

'आमची गाडी व्हिंटेज आहे, तिला सूट असेल ना?' हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. जुलै २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. म्हणजे १९७४ चा चेतक बसेल, पण आरएक्स १०० नाही. ती १९८५ ला बाजारात आली, त्यामुळे अगदी पहिल्या गाडीलाही २०३५ उजाडेल. व्हिंटेजची नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. पुढचं रिन्यूअल ५,०००. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नवीन घेतला तर त्यात 'व्हीए' येतं. पण या गाडीने रोज ऑफिसला जाता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. मला विचाराल तर रोज चालवायची असेल तर व्हिंटेजच्या नादी लागू नका, साधं रिन्यूअलच बरं.

मधल्या, म्हणजे २० ते ५० वर्षांच्या गाड्यांना मात्र वाली कोणी नाही. जपून ठेवलेली मारुती ८०० आणि काळा धूर सोडणारी खटारा, दोघींना सारखीच फी. वय मोजणं कॉम्प्युटरला सोपं जातं, गाडीची तब्येत मोजणं अवघड!

तुमच्या गाडीची तारीख बघायला एमपरिवहन किंवा डिजिलॉकर अॅपमध्ये आरसी उघडा. 'रजिस्ट्रेशन डेट' आणि 'व्हॅलिडिटी' या दोन्ही ओळी बघा. फी वयावर ठरते आणि दंड व्हॅलिडिटीवर. अॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेली आरटीओच्या नावाची एपीके फाइल उघडलीत तर गाडीआधी बँक खातं रिकामं होईल. व्हॅलिडिटी संपायला दोन महिने उरले असतील तर आजच परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन वर अर्ज भरा, आणि गाडी तपासणीला न्यायच्या आधी इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहेत ना, ते बघून घ्या.