खाणावळीची पाटी



इतिहासाच्या व्याख्यानाला जमलेल्या श्रोत्यांना वक्त्याने खाणावळीत नेऊन बसवावे, हे काहींना रुचणार नाही. भोसल्यांच्या नागपुरात उभे राहून रघूजींच्या बंगालवरील स्वाऱ्यांऐवजी आमटीतल्या मिठाची चर्चा कसली करता, असे ते म्हणतील. त्यांना माझे इतकेच सांगणे आहे की, स्वाऱ्यांचे कागद दप्तरखान्यात जपलेले आहेत, मिठाचे कोणी जपलेले नाहीत. पैसे देऊन बाहेर जेवणाऱ्या माणसाने काय वाखाणले आणि कशाबद्दल कुरकुर केली, याची वही ठेवणारा खाणावळवाला विरळाच. उधारीची वही मात्र प्रत्येकाने ठेवली.

तरीपण या विषयाला एक साधन आहे आणि ते आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. ते म्हणजे दारावरची पाटी. पाटीवर मालक जे विशेषण रंगवून घेतो ते बहुधा कुठल्या तरी तक्रारीचे उत्तर असते. 'शुद्ध तुपातील' हे शब्द पाटीवर चढले, त्याआधी अशुद्ध तूप बाजारात येऊन गेलेले असणार. 'कुटुंबासाठी स्वतंत्र व्यवस्था' असे लिहिले गेले, त्याआधी कुणातरी गृहस्थाने बायकामुलांना घेऊन कुठे बसावे म्हणून नाराजी दाखविली असणार. 'गरम व ताजे' याचा अर्थ काय, ते मी सांगायला नको. या दृष्टीने शंभर-सव्वाशे वर्षांच्या पाट्या वाचत गेले, की गिऱ्हाइकाच्या तक्रारींचा इतिहास आपोआप उलगडतो.

आपल्या शहरापासून आरंभ करू. रेल्वे 1867 साली नागपुरास पोचली. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हिस्लॉप कॉलेज 1883 चे, मॉरिस कॉलेज 1885 चे. मध्यप्रांताची राजधानी असल्यामुळे कचेऱ्या होत्या, आणि कचेऱ्या आल्या की कारकून, वकील व पक्षकार आलेच. म्हणजे घर सोडून आलेली, खिशात थोडे पैसे असलेली आणि स्वतः चूल पेटविण्यास सवड नसलेली माणसे शहरात साठू लागली. त्यापूर्वी प्रवासी धर्मशाळेत तीन दगडांच्या चुलीवर स्वहस्ते शिजवी, किंवा जातभाईच्या घरी उतरे. खाणावळ ही या दोन्हींची बदली.

बदली म्हणूनच तिच्याविषयी पहिला प्रश्न निघाला तो 'आमटी कशी झाली?' हा नव्हता, 'आमटी कोणी केली?' हा होता. जुन्या पाट्यांवर 'ब्राह्मणी खाणावळ', 'हिंदू हॉटेल' असे शब्द दिसत, ते या प्रश्नाचे उत्तर होत. स्टेशनांवर हिंदू पाणी निराळे, मुसलमान पाणी निराळे, चहाही तसाच. 1890 सालचे पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण आपणास ठाऊकच आहे. रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी मिशनमध्ये व्याख्यानाला गेली, तेथे चहा आला, गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापवून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. तो चहा दाट होता की पाणचट, हा मुद्दा त्या वादात कुठेच नव्हता. हाताची चौकशी पुरी झाल्याशिवाय जिभेला बोलण्याची मुभाच नव्हती.

पुढे शहरे वाढली, पोटाची निकड वाढली, तसा हा प्रश्न हळूहळू मागे सरकला आणि दुसरा पुढे आला: ताटात काय आहे? याला मोठे कारण वनस्पती तुपाचे. 1937 साली 'डालडा' बाजारात आला. तो रंगाने पांढरा, दाणेदार, स्वस्त, आणि वितळवून साजूक तुपात मिसळला तर डोळ्यांना न कळणारा. 'तुपात भेसळ' ही तक्रार आपल्या लोकांच्या तोंडी कायमची बसली ती तेव्हापासून. वनस्पतीला रंग द्यावा अशी मागणी पुष्कळ झाली. शेवटी सरकारने एक शहाणपणाची युक्ती केली. वनस्पती तुपात कमीत कमी 5 टक्के तिळाचे तेल घालण्याची कारखानदारांवर सक्ती केली. तिळाच्या तेलाचा गुण असा की, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल यांच्या योगाने ते तांबूस गुलाबी रंग दाखविते. म्हणजे साजूक म्हणून विकलेल्या तुपात वनस्पती असला, तर तो प्रयोगशाळेत लाजून लाल होणार! जिभेला जी शंका येई तिला आता परीक्षानळीचा पुरावा मिळाला. इकडे पाट्यांवर 'शुद्ध तूप' हे शब्द अधिकाधिक मोठ्या अक्षरांत येऊ लागले. ज्याच्या तुपाविषयी कोणी शंका घेतली नसेल असा एखादाच मालक ते लिहीत नसावा.

तिसरे विशेषण 'घरगुती'. हे मला सर्वांत मौजेचे वाटते. खाणावळीच्या जेवणाची आपल्याकडची सर्वोच्च स्तुती 'अगदी घरच्यासारखे' ही. महिनोन्महिने एका जागी जेवणारा विद्यार्थी किंवा गिरणी कामगार याला चमचमीत नको असते. त्याला पोट न बिघडविणारे, रोज तेच असले तरी रोज खाववेल असे अन्न हवे असते. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना असे अन्न घालणाऱ्या बायकांनी आपल्या स्वयंपाकघरांनाच खाणावळीचे रूप दिले होते. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आणले, तेव्हा सावकाराच्या व्याजाखाली या 'घरगुती' चवीची किंमत कोण भरीत होते, ते जगापुढे आले. गिऱ्हाईक मात्र घरी जाऊन नेमके उलटे बोलतो. बायकोने भाजी चांगली केली की तो म्हणतो, 'हॉटेलसारखी झाली आहे!' खाणावळवाला आणि गृहिणी या दोघांनाही त्याने एकमेकांच्या नावाने शाबासकी दिलेली असते.

आता या सगळ्या तक्रारींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. आमटीत डाळ शोधावी लागते, पोऱ्या पाण्याच्या पेल्यात बोटे बुडवून आणतो, भात दुसऱ्यांदा वाढीत नाहीत, असे म्हणणारा मनुष्य पाटावर किंवा बाकावर बसलेला असतो. तक्रार करणे हा बसलेल्या माणसाचा मान आहे. ज्याला उंबरठ्याच्या आत घेत नाहीत, ज्याच्यासाठी कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असते, चहा वरून ओततात आणि पिऊन झाल्यावर त्यानेच ती विसळून ठेवावयाची असते, त्याने 'चहात साखर कमी आहे' असे म्हटल्याचे आपण कधी ऐकले आहे काय? आपल्या देशातील कोट्यवधी लोकांचे चहाविषयीचे मत कित्येक पिढ्या कोणी विचारलेच नाही. पाटीवर त्यांच्या तक्रारीचे उत्तर नाही, कारण ती तक्रार दारातून आत आलीच नाही.

ही तक्रार एका छत्रपतीने आपल्या मुखाने मांडली. 1920 साली मेअखेरीस नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, तिचे अध्यक्ष शाहू महाराज होते. या महाराजांनी कोल्हापुरात काय केले होते? त्यांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे या महार तरुणाला पाण्याला शिवला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, पण तेवढ्यावर न थांबता गंगारामास चहाचे हॉटेल काढून दिले. 'सत्यसुधारक' हे त्याचे नाव. हॉटेल स्वच्छ होते, चहाही चांगला होता. तरी स्पृश्य गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलासमोर उभी करवून गंगारामाला हाक मारून चहा मागवू लागले, स्वतः घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही देऊ लागले. छत्रपती पितात तो चहा नको म्हणायची कोणाची छाती! हॉटेलच्या चहाला इतकी खणखणीत शाबासकी आपल्या इतिहासात दुसरी नसेल.

परंतु सगळीकडे छत्रपतींची गाडी थांबणार नव्हती. त्यासाठी कायदा लागला. 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले गेले. आणि मग एक योगायोग घडला, त्याची कोणी फारशी दखल घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 साली मंजूर झाला, तो अमलात आला 1 जून 1955 रोजी. अस्पृश्यता (अपराध) कायदा 1955 सालचा. तोही अमलात आला 1 जून 1955 रोजीच! एकाच दिवशी सरकारने खाणावळीच्या दाराशी दोन पहारेकरी उभे केले. एक ताटात काय आहे ते पाहणारा, दुसरा ताटावर कोण बसू शकतो ते पाहणारा.

पहिल्या कायद्याने निरीक्षकाला नमुना घेऊन त्याचे तीन भाग करून मोहरबंद करण्याचा अधिकार दिला. साध्या खरेदीदारालाही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेण्याची वाट मोकळी राहिली, आणि भेसळ ठरली तर फी परत. दुसऱ्या कायद्याने उपाहारगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविलाच, शिवाय तेथील सर्वांसाठी असलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरविला. त्या बाहेरच्या कपबशीचे नाव न घेता कायद्याने तिलाच हात घातला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वेळ पडल्यास मालकाचा परवानाही रद्द. 1976 साली हा कायदा अधिक कडक झाला आणि त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले.

या दोन कायद्यांचे पुढे काय झाले? पहिल्याचा प्रवास पाट्यांवरून दिसतो. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने 2011 साली त्याची जागा घेतली आणि आज उपाहारगृहाच्या भिंतीवर 14 आकड्यांचा परवाना क्रमांक लावलेला असतो. 'शुद्ध तुपातील' या विशेषणाचा हा नातू म्हणावा. दुसऱ्या कायद्याची खूण अशी भिंतीवर सापडत नाही. 'येथे सर्वांना एकाच कपात चहा मिळेल' अशी पाटी कोणी रंगविली नाही, आणि कपबशी बाहेरून आत कोणत्या दिवशी आली, याची नोंद करण्याइतके मालकाला ते अभिमानाचे वाटले नसावे. शहरात ती लवकर आली, खेड्यांत उशिरा.

हे दोन कायदे अमलात आल्यानंतर सुमारे सोळा महिन्यांनी आपल्या शहरात काय घडले ते आपणास सांगणे नको. ऑक्टोबर 1956 मध्ये डॉ. आंबेडकर सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात उतरले होते. 14 तारखेला दीक्षा झाली. ज्यांना हॉटेलाच्या पायरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांचा पुढारी शहरातील भर वस्तीच्या हॉटेलात मुक्कामाला होता आणि खेड्यापाड्यांतून आलेली लाखो माणसे शिदोऱ्या सोडून मैदानात बसली होती. आजही त्या दिवशी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अन्नदानाचे मांडव पडतात. तेथे 'तुम्ही कोण?' असे विचारीत नाहीत. पंगतीतल्या एखाद्या बाईने भाजी आळणी झाल्याचे मोकळेपणी वाढप्याला सांगितलेले मी ऐकले आहे, आणि तो मिठाची वाटी घेऊन धावला.

आता नागपूरच्या ज्या चवीची कीर्ती दूरवर गेली आहे, तिच्याकडे वळतो. सावजी! हे हलबा कोष्टी समाजाचे, विणकरांचे जेवण. हातमागाला उतरती कळा लागली तशी इतवारी, गोळीबार चौक या भागांतील कित्येक घरांनी माग सोडून चूल धरली. पाट्यावर वाटलेला काळा मसाला, खसखस, सुके खोबरे, दगडफूल, पूर्वी जवसाचे तेल, आणि वर तरंगणारी लाल तर्री. मसाल्यांत बत्तीस जिन्नस असतात असे सांगतात. मी ते मोजलेले नाहीत, पहिल्या घासानंतर मोजण्याची शुद्ध राहत नाही. शाकाहाऱ्यांसाठी पाटोडीचा रस्सा आणि डाळकांदा आहे, पण तिखटाच्या बाबतीत त्यांनाही सवलत नाही. 1960 पासून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते. मुंबई-पुण्याकडची मंडळी येतात, नाकाडोळ्यांतून पाणी काढतात, तेल फार म्हणून तक्रार करतात आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेथेच दिसतात. या ठिकाणी 'घरच्यासारखे' ही स्तुती उलटी होते. जेवणारा म्हणतो, 'असे घरी होत नाही.' ते घर दुसऱ्याचे असते, विणकराचे.

पाटीच्या इतिहासात ही गोष्ट महत्त्वाची आहे. 'ब्राह्मणी' हा शब्द पूर्वी आत कोणी यावे ते सांगे. 'सावजी' हा शब्द आत काय मिळेल ते सांगतो. जातीचे नाव दारवानाच्या हातातून निघून आचाऱ्याच्या हातात गेले. मालवणी, कोल्हापुरी, उडपी या पाट्याही चवच सांगतात.

सगळ्याच घरांच्या चवीला मात्र अजून पाटी मिळालेली नाही. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले. त्यात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या घरांतले पदार्थ, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्यांपासून तेलाविना केलेल्या कालवणांपर्यंत, ते कसे केले जात आणि तसेच का केले जात, हे मांडले आहे. 2024 साली ते इंग्रजीतही आले आणि दूरदूरच्या वाचकांनी त्याचे कौतुक केले. आज प्रत्येक जेवणारा मोबाईलवर खाणावळीला तारे देतो. नागपूर शहरात खाणावळींच्या पाट्या वाचीत मी पुष्कळ हिंडलो आहे. इतवारीत हिंडलो, सदरमध्ये हिंडलो, दीक्षाभूमीच्या आसपासही हिंडलो. त्या पुस्तकातल्या पदार्थांची पाटी अजून मला आढळलेली नाही. कुणा श्रोत्याच्या पाहण्यात असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला पत्ता द्यावा. आपण बरोबरच जाऊ.