डायव्हर्टिक्युलायटिस : ऑपरेशन कधी, औषधं कधी?

पोटात डावीकडे खाली दुखतंय, ताप आहे, आणि सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर 'डायव्हर्टिक्युलायटिस' असा जीभ वळणार नाही असा शब्द आलाय. घरात पहिला प्रश्न एकच असतो, ऑपरेशन करावं लागेल का? बहुतेकांना लागत नाही. पण ज्यांना लागतं त्यांना उशीर परवडत नाही, म्हणून हा फरक आम्ही इथे मांडत आहोत.

वय वाढतं तशा मोठ्या आतड्याच्या भिंतीला बाहेरून लहान लहान पिशव्या येतात. नुसत्या पिशव्या हा आजार नव्हे, कित्येकांना त्या असल्याचं कळतही नाही. त्यांना सूज आली की त्रास सुरू होतो. आशियाई लोकांत तो उजवीकडेही बराच आढळतो आणि मग अपेंडिक्सची शंका येते.

साध्या सुजेत काही दिवस पातळ आहार, विश्रांती आणि दुखणं कमी करणारं औषध पुरतं. २०१२ साली स्वीडन आणि आइसलँडमधील ६२३ रुग्णांच्या अभ्यासात अँटिबायोटिक न घेतलेलेही तितकेच बरे झाले. मात्र हे घरी ठरवायचं नाही. स्टेरॉइड चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर गोष्ट वेगळी. पू साचून गाठ झाली असेल तर अँटिबायोटिक देतात, आणि गाठ मोठी असली तर नळी घालून पू काढतात.

आतडं फुटून पू किंवा मैला पोटात पसरला तर मात्र तातडीचं ऑपरेशन. पोट लाकडासारखं कडक होणं, तीव्र वेदना, चक्कर ही त्याची लक्षणं, तेव्हा सकाळची वाट पाहू नका. अशा वेळी खराब भाग काढून मलमार्ग पोटावर पिशवीत आणावा लागू शकतो. फ्रेंच सर्जन हार्टमान यांची ही पद्धत १९२१ पासूनची. पुष्कळांची पिशवी नंतर काढता येते, सगळ्यांची नाही. "मग नमाजचं काय?" हे अम्मी-अब्बांना आधी सुचतं, आणि लाजून कुणी विचारत नाही. अशा रुग्णाला शरीअतमध्ये माजूर म्हणून सवलत आहे. वुजूचा तपशील आपल्या आलिमांना विचारा. त्यासाठी ऑपरेशन टाळू नका.

खरा पेच वारंवार दुखणाऱ्यांचा. पूर्वी दोन अटॅक आले की ऑपरेशन, असा ठोकताळा होता. तो आता मागे पडला आहे. नेदरलँड्समध्ये १०९ रुग्णांची तुलना झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं रोजचं जगणं जास्त सुसह्य होतं. पण त्यांच्या ५३ पैकी ८ जणांचा आतड्याचा जोड गळला, ही लहान गोष्ट नाही. उलट औषधांवर ठेवलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत ऑपरेशन करावंच लागलं. म्हणून अटॅक किती आले यापेक्षा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो, हे डॉक्टरांना नीट सांगा. लघवीतून हवा किंवा मैला येत असेल तर तेही सांगा, तिथे बहुधा ऑपरेशनच लागतं.

सर्जनना दोन गोष्टी जरूर विचारा : दुर्बिणीतून होईल का, आणि पिशवी लागण्याची शक्यता किती? खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून तपासून घ्या.

शेंगदाणे, बिया बंद करायची गरज नाही, तो जुना गैरसमज आहे. सिगारेट मात्र सोडायलाच हवी. अटॅक चालू असताना रोजा ठेवू नका, नंतर कजा करता येतो. बरं झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, आधी झालेली नसेल तर, कोलोनोस्कोपी करून घ्या, कारण कॅन्सरही कधी कधी स्कॅनमध्ये असाच दिसतो.