दारूचा डबा

१९५३ साली आमच्या अण्णांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून दारूचा डबा विकत आणला आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात अर्ध्या तासात ही बातमी पसरली. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती. १९४९ चा कायदा अजून कोरा करकरीत होता. अण्णा पोष्टात कारकून. सुपारीच्या खांडापलीकडे त्यांना व्यसन नाही. तरी शेजारच्या काकू आईचं सांत्वन करून गेल्या. शेवटी अण्णांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "अहो, दारू म्हणजे बंदुकीची!" त्यानं तर तळमजल्यावरच्या बिऱ्हाडानं मुलं आत घेतली.

डबा अर्थात रिकामा होता. महायुद्ध संपल्यावर लष्कराचं उरलंसुरलं सामान 'डिस्पोजल'मध्ये निघालं. ब्लँकेटं, बूट, पाण्याच्या बाटल्या, जीपगाड्यांचे सुटे भाग, सगळं फिरत फिरत जुन्या बाजारात येऊन पडे. त्यातलाच हा. हिरवट मळका रंग, जाड पोलादी पत्रा, फूटभर लांबी, त्याच्या निम्मी रुंदी, वर दुमडणारी कडी आणि पुढे एक जबरदस्त खिटी. अर्ध्या इंची मशीनगनच्या शंभर गोळ्यांचा पट्टा मावेल असं त्याचं माप. रिकामाच अडीच किलो भरतो. अण्णांचा जीव मात्र जडला होता तो झाकणावर. झाकणाच्या आत सगळीकडून रबराची पट्टी होती. खिटी दाबली की 'खट्ट' असा आवाज होऊन आत हवासुद्धा शिरत नसे. अण्णा हा प्रयोग येणाऱ्याजाणाऱ्याला करून दाखवत. पाहुण्याचा चहा निवे, पण खिटी तीनदा वाजायचीच.

आई त्या डब्याला हात लावत नसे. त्याचं कारण पुढे येईल.

दारूगोळ्याच्या डब्याचा इतिहास म्हणजे मुळात झाकणाचा इतिहास. दारू सर्दावली की लढाई संपली, म्हणून झाकण घट्ट हवं. आणि शत्रू समोर आला की ते पटकन उघडायलाही हवं. आमच्या घरातल्या लोणच्याच्या बरणीला जे साधलं नाही, तेच हे. इंग्रजांनी यावर लाकडी पेटी काढली. मार्टिनी-हेन्री बंदुकीची सहाशे काडतुसं, आत कथलाच्या पत्र्याचं अस्तर, बाहेरून तांब्याच्या पट्ट्या आणि सरकतं झाकण, एकाच पितळी स्क्रूनं आवळलेलं. २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाला झुलूंनी इंग्रजांची छावणी कापून काढली. इंग्रजांकडची तेराशेच्या आसपास माणसं मेली. आता भाले आणि ढाली घेतलेल्या लोकांनी आपल्याला हरवलं, हे कसं सांगायचं? मग खापर फुटलं स्क्रूवर. पेट्या वेळेवर उघडल्या नाहीत, स्क्रू-ड्रायव्हर सापडले नाहीत, ही कथा पुढे शंभर वर्षं चालली. प्रत्यक्षात बंदुकीच्या दस्त्याचा एक दणका दिला की ते झाकण निघत असे. रणांगणावर वाकलेले स्क्रू मिळालेही आहेत. खरी गोष्ट इतकीच, की इंग्रजांची फळी फार विरळ पसरली होती आणि समोर वीस हजार झुलू होते. पण 'आम्ही कमी पडलो' म्हणण्यापेक्षा 'झाकण उघडेना' म्हणणं माणसाला नेहमीच सोपं जातं. आमच्या ऑफिसात मी त्यावर तीस वर्षं काढली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी लाकूड बाजूला सारून पत्र्याचा डबा केला आणि स्क्रूच्या जागी खिटी आणली. इतका चांगला डबा लढाईपुरता करायचा आणि मग फेकून द्यायचा, हे काही बरं दिसलं नाही. निदान लोकांना तरी दिसलं नाही. आज जगभर सुतार त्यात पटाशा ठेवतात, वायरमन पकडी ठेवतात, मासे पकडणारे गळ ठेवतात. कोणी त्यात बॅटरी बसवतो, कोणी रेडिओचे स्पीकर. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेत एक नवा खेळ निघाला. रानात वस्तू लपवायची, उपग्रहावरून जागेचे आकडे सांगायचे आणि दुसऱ्यानं ती शोधायची. पावसापाण्यात टिकतो म्हणून त्या खेळाला हाच डबा पसंत पडला. मग कुणाला तरी झुडपात लष्करी डबा दिसतो, तो पोलिसांना कळवतो, बाँब निकामी करणारे येतात आणि आत निघतात चार गोट्या, एक पेन्सिल आणि वही. आमच्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाची आठवण येते.

पण खरी कमाल केली ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीवर तराफे नेणाऱ्यांनी. तिथे नियम असा, की माणसानं मागे काही म्हणजे काहीही टाकून यायचं नाही. दोन-दोन आठवड्यांचा प्रवास, तेव्हा हा 'काहीही' ठेवायचा कशात? वास बाहेर येता कामा नये, तराफा उलटला तरी झाकण उघडता कामा नये. मोठ्या मापाचा दारूगोळ्याचा डबा त्या कामी आला. सुरुवातीला त्यावर बैठक नसे. डब्याच्या कडांवरच बसावं लागे आणि उठल्यावर अंगावर दोन लांब खाचा उमटत. म्हणून त्याचं नाव 'ग्रूव्हर' पडलं, म्हणजे खाच पाडणारा. पुढे बैठक आली, खाचा गेल्या, नाव राहिलं. अण्णा असते तर हे त्यांना सांगण्याचं धाडस मला झालं नसतं. त्यांचा तो डबा पाटाशेजारी असे.

आता आईचं कारण. माझा धाकटा मामा लष्कराच्या ऑर्डनन्स कोअरमध्ये कारकून होता. १९४४ साली तो आसामात दिमापूरच्या तळावर होता आणि तिथेच गेला. गोळी लागून नव्हे, टायफॉईडनं. असलेच डबे मोजून वहीत मांडायचे, हे त्याचं युद्ध. आई म्हणे, "ज्यानं माझा भाऊ नेला ते घरात कशाला?" अण्णा म्हणत, "अगं, डब्यानं नाही नेला." त्यावर ती गप्प बसे, आणि अण्णांनी त्यात ठेवलेले विम्याचे आणि भाड्याचे कागद दुसऱ्या दिवशी ट्रंकेत गेलेले असत. आठ वर्षं हे चाललं.

१२ जुलै १९६१ ला बुधवार होता, म्हणजे जुन्या बाजाराचाच वार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, दुपारी खडकवासला फुटलं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी सदाशिव पेठेत आत्याकडे पळालो. पाणी ओसरल्यावर परतलो तेव्हा खोलीत गुडघाभर चिखल होता. ट्रंक होती, पण आतल्या कागदांचा लगदा झाला होता. विम्याची पॉलिसी कोणती आणि माझं प्रगतिपुस्तक कोणतं, कळेना. (माझ्या दृष्टीनं पुरात ही एकच चांगली गोष्ट झाली.)

डबा कुठे दिसेना. तो पाण्यावर तरंगत गेला असणार. तिसऱ्या वाड्याच्या अंगणात चिखलात रुतलेला सापडला. खिटीत वाळू बसली होती, ती हलेना. अण्णांनी बत्ता आणला. आई पुढे झाली आणि म्हणाली, "हळू, आत माझं सामान आहे."

आम्ही सगळे तिच्याकडे पाहतच राहिलो.

झाकण निघालं. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता. एकाही पत्राला ओल नव्हती. वरचंच पत्र मामाच्या अक्षरातलं. आज चारशे पेट्या मोजल्या, त्यातल्याच एका रिकाम्या पेटीवर बसून लिहितो आहे, दुसरीत पाणी तापवून दाढी केली, तिसरीत बल्लवानं कांदे ठेवले आहेत. पुढचं आईनं आम्हाला वाचू दिलं नाही. पत्रं कोरडी होती, तरी तिनं एकेक पदरानं पुसलं, परत आत ठेवलं आणि खिटी दाबली. खट्ट.

अण्णा कोपऱ्यात ट्रंकेतला लगदा निवडत बसले होते. तिकडे न बघताच ती म्हणाली, "रविवारी बाजार भरला तर अजून एक बघा. तुमच्या कागदांना."