नको म्हणायचा हक्क

"मिळेल ती नोकरी धर, मग बघू पुढचं." हे वाक्य कानावर न पडता वाढलेला मराठी मुलगा (किंवा मुलगी) शोधूनही सापडणार नाही. त्यात काही चूक आहे असंही नाही. घरात चूल पेटवायची असेल तर माणूस पडेल ते काम करतोच. पण एका देशाने १९११ साली कायद्यातच लिहून ठेवलं होतं की बेकार माणसाने काही नोकऱ्या नाकारल्या तरी त्याचा भत्ता बंद होणार नाही. ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते, म्हणून आज तिच्याबद्दल.

देश म्हणजे ब्रिटन. आधी १९१० साली तिथे सरकारी लेबर एक्स्चेंज, म्हणजे आपल्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे पूर्वज, सुरू झाले. त्यामागे मंत्री होते चर्चिल (हो, तेच!) आणि अधिकारी विल्यम बेव्हरिज. हे बेव्हरिज जन्मले आपल्या बंगालमध्ये, रंगपूरला. मग १९११ च्या नॅशनल इन्शुरन्स कायद्याने बेकारीचा विमा आणला. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम असे ठरावीक धंदे आणि त्यांतले सुमारे साडेबावीस लाख कामगार. कामगाराने आठवड्याला अडीच पेनी भरायचे, मालकाने तेवढेच, आणि सरकारने आपली भर घालायची. काम गेलं की आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे.

अट अशी की माणूस काम करायला सक्षम हवा, पण त्याला 'योग्य' काम मिळत नसावं. सगळी गोम त्या 'योग्य' शब्दात आहे. कायद्याने तो मोघम ठेवला नाही. संपामुळे किंवा टाळेबंदीमुळे रिकामी झालेली जागा नाकारली तर चालेल. आपल्या भागात नेहमी मिळणाऱ्या मजुरीपेक्षा कमी मजुरी किंवा वाईट अटी असतील तर नाकारली तरी चालेल. दुसऱ्या गावातलं काम असेल तर तिथला रूढ दर मिळाला पाहिजे.

यात नुसती दया नव्हती, साधा हिशोब होता. ही सवलत नसती तर काय झालं असतं बघा. एखाद्या कारखान्यात संप झाला की एक्स्चेंजने रांगेतली माणसं तिथे पाठवायची, आणि जो जाणार नाही त्याचे पैसे बंद! म्हणजे कामगाराच्याच पैशाने उभा राहिलेला फंड कामगाराचाच संप मोडायला वापरला गेला असता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि एक अडला की बाकीच्यांची मजुरीही खाली येते.

पण कागदावरचा हक्क किती टिकतो ते दिवस वाईट आले की कळतं. १९२० साली विमा एक कोटीहून जास्त लोकांपर्यंत पोचला आणि पाठोपाठ मंदी आली. १९२१ मध्ये वाढीव भत्त्यासाठी नवी अट आली: अर्जदार 'मनापासून काम शोधत' असला पाहिजे. १९२४ मध्ये ती सगळ्यांनाच लागू झाली, आणि तीही मजूर पक्षाच्या सरकारच्या काळात. आता मन कसं मोजणार? अर्जदाराला विचारायचे, कुठे कुठे गेलास, कोणाला भेटलास? ज्या कारखान्यात काम नाही हे सगळ्या गावाला ठाऊक, तिथेही लोक मैलोन्मैल चालत जात, केवळ सांगता यावं म्हणून. १९२१ ते १९३० या काळात जवळजवळ तीस लाख अर्ज या एका अटीवर फेटाळले गेले.

बायकांचे हाल वेगळेच. गिरणीत काम केलेल्या बाईला सांगायचे, कुणाच्या घरी मोलकरीण म्हणून जा. घरकामाला तर विमाच लागू नव्हता! म्हणजे ते काम धरलं की पुढच्या बेकारीत हात रिकामे.

१९३० मध्ये ही अट गेली, तेव्हा मजूरमंत्री होत्या मार्गारेट बॉन्डफील्ड. त्यानंतर एक्स्चेंजने योग्य काम दाखवायचं आणि माणसाने ते सबळ कारणाशिवाय नाकारलं तरच भत्ता थांबणार. पुरावा द्यायची जबाबदारी या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली, इतकाच बदल. पण रांगेतल्या माणसासाठी केवढा मोठा! अमेरिकेच्या १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातही संपातली जागा, पडेल दराची मजुरी आणि युनियन सोडण्याची सक्ती असलेलं काम नाकारायची मुभा आली.

आणि आपल्याकडे? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार होते. संपकऱ्याला भत्ता ब्रिटनमध्येही मिळत नसे, पण नंतर कायमचे काम गेलेल्यांसाठीही इथे असा विमा नव्हता. वीस वर्षं माग चालवलेला माणूस वॉचमन झाला, भाजीची गाडी लावून बसला, नाहीतर कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावी परतला. त्याच्यापुढचं काम 'योग्य' आहे का, हा प्रश्न विचारायलाच कुणी नव्हतं.

महाराष्ट्राची रोजगार हमी ही मात्र अभिमानाची गोष्ट. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि काम देता आलं नाही तर भत्ता देणं ही सरकारची जबाबदारी ठरली. देशाच्या २००५ च्या कायद्यात तेच तत्त्व आलं: काम पाच किलोमीटरच्या आत, लांब असेल तर मजुरी दहा टक्के जास्त. पण दिलेलं काम नाकारलं तर तीन महिने भत्ता नाही. शिवाय काम एकच, अंगमेहनतीचं. विणकराने विणकाम मागायची सोय त्यात नव्हती.

फुकट खाणारे लोक असतात का? असतात की. पण त्यांना पकडायला विणलेल्या जाळ्यात तीस लाख अर्ज अडकले, हेही लक्षात ठेवायला हवं. ज्याच्या घरात चार महिन्यांचं धान्य आहे तो वाईट नोकरीला सहज नको म्हणतो आणि आपण त्याला स्वाभिमानी म्हणतो. तेच रिकाम्या डब्याच्या माणसाने म्हटलं की आळशी. १९११ च्या त्या कलमाने हा फरक थोडासा पुसायचा प्रयत्न केला, एवढंच.

असो. पुढच्या वेळी घरात कुणाला "मिळेल ती धर" म्हणाल तेव्हा जरूर म्हणा, पण आधी एकदा विचारा, "पगार किती देतायत, आणि ती जागा रिकामी का झाली?"