लांबून शिकलेलं रसायन

पोरगी पदवीधर झाली की आपण हार घालतो. पुढं काय? मला दाक्षायणी वेलायुधन आठवतात. जन्म १९१२, कोचीनजवळच्या बेटावर, पुलया जातीत. एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. सवर्ण शिक्षक प्रयोग दाखवीना. बाईंनी लांबून बघून शिकून घेतलं. १९३५ साली पदवी, देशातली पहिली दलित पदवीधर स्त्री. त्याच साली मास्तरीण झाल्या; नोकरीच्या काळातच मद्रास विद्यापीठाचं शिक्षक-प्रशिक्षण पुरं केलं. दहा वर्षं सरकारी हायस्कुलांत शिकवलं. १९४६ ला घटना समितीत गेल्या, तिथली एकमेव दलित स्त्री.

या प्रवासाला कोचीन सरकारची शिष्यवृत्ती होती, नुसती जिद्द नव्हती. म्हणून मी म्हणतो, पोरींचे अर्ज भरणं, वसतिगृह मिळवणं, मुलाखतीची तयारी करून घेणं हे मोर्च्याइतकंच चळवळीचं काम. दाक्षायणीबाईंना प्रयोग दाखवायला कुणी नव्हतं. आपल्या पोरींना आपण दाखवू.