काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरचे खळगे

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावाचा इतिहास शोधायचा तर चावडीच्या दप्तरात सातबारा मिळतो, फेरफार मिळतात, जन्ममृत्यूच्या नोंदी मिळतात. गावाच्या डोळ्यांचे काय झाले, याचा रकाना कुठल्याच वहीत नसतो. पण ही नोंद एका जागी मात्र राहते : म्हाताऱ्या माणसाच्या वरच्या पापणीखाली. लहानपणी कुणाला खुपऱ्या (ट्रॅकोमा) झाल्या असतील, तर बुबुळाचा काळा भाग जिथे पांढऱ्याला भिडतो तिथे, वरच्या कडेला, मोहरीहून बारीक, काचेसारखे पारदर्शक खळगे ओळीने बसलेले दिसतात. खुपऱ्यांच्या दिवसांत त्या कडेवर पुटकुळ्या येतात. त्या जिरल्या की जागा भरून येत नाही, वर नुसती पातळ साय धरते. रोग जातो, औषध विसरले जाते, खळगा जन्मभर राहतो. आणि दुसऱ्या कुठल्या रोगाने सहसा असा खळगा पडत नाही, म्हणून ही साक्ष एवढ्या मोलाची.

या खळग्यांना जगभरचे नेत्रवैद्य ‘हर्बर्टचे खळगे’ म्हणतात. हर्बर्ट हर्बर्ट (नाव आणि आडनाव एकच, ही गंमत खरी आहे) हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात नेत्रविद्येचा प्राध्यापक. खुपऱ्यांमुळे बुबुळाच्या कडेवर काय घडते, याचे वर्णन त्याने १९०४ साली छापले. गुलस्ट्रांडचा स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा बारकाईने तपासायचे यंत्र, यायला अजून सात वर्षे होती. त्या काळी ही कड पाहायला नेत्रवैद्याच्या हाताशी बहुधा भिंग आणि बाजूने टाकलेला तिरपा उजेड, एवढेच असे. काचबिंदूत डोळ्यातले पाणी बाहेर काढून ताण उतरवायच्या शस्त्रक्रियेवरही त्याने त्याच सुमारास काम केले. पण त्याचे नाव टिकले ते या खळग्यांनी.

नेत्रसंशोधनात आदरणीय सहकाऱ्याचे स्मरण दोन रीतींनी होते. एक मृत्युलेख : फोटो, पदव्या, शिष्यांची नावे. तो एकदा छापला की कपाटात जातो. दुसरी रीत म्हणजे त्याने पाहिलेल्या खुणेला त्याचे नाव देणे. ही दुसरी रीत मानाच्या शालीसारखी वापरली जाते आणि तिथेच चूक होते, असे मला वाटते. खुणेला दिलेले नाव हे वाचनाचे साधन आहे. परीक्षेत हर्बर्टचे नाव सांगून दोन गुण मिळवणे म्हणजे स्मरण नव्हे. त्याने शिकवल्याप्रमाणे पापणी उचलून डोळा वाचणे, हे स्मरण. धावड्यासारख्या गावी असे वाचन केले तर तो इतिहास हाती येईल, जो इतर कोणत्याही कागदातून येत नाही.

यावर पहिला आक्षेप राजकारणाचा. गोऱ्या अधिकाऱ्याचे नाव आपण का मिरवायचे? खळगे होते मुंबईच्या रोग्यांच्या डोळ्यांत, नाव लागले पाहणाऱ्याचे. तक्रार रास्त आहे, आणि नावांचा हा व्यवहार सगळीकडेच असा लंगडा. खुपऱ्यांचा जंतू १९५७ साली प्रथम वाढवून दाखवला तो बीजिंगच्या तांग फेइफानने. पुढच्याच वर्षी त्याने तो स्वतःच्या डोळ्यात घालून रोग घडवून दाखवला आणि त्याच वर्षी त्याचा अंत झाला. जंतूच्या नावात तांग कुठे नाही. तरी हर्बर्टचे नाव पुसल्याने रोग्यांचे नाव लागत नाही. त्यांना न्याय द्यायचा तर ते खळगे कुणाच्या, कुठल्या गावच्या डोळ्यांत आहेत हे लिहायला लागावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८७ च्या सोप्या वर्गवारीत पाच खुणा आहेत, हर्बर्टचे खळगे नाहीत. मग ही कालबाह्य खूण कशाला? ती वर्गवारी झाली खेडोपाडी फिरणाऱ्या कार्यकर्त्यासाठी. बॅटरी आणि साध्या भिंगाने चालू रोग, पापणीचे व्रण, आत वळलेले केस आणि बुबुळावरची अपारदर्शकता हेरणे, एवढेच तिचे काम. म्हणजे आज उपचार कुणाला हवा, हे ती सांगते. खळगा सांगतो सत्तर वर्षांपूर्वी काय झाले ते. आपल्या पाहण्याही याच कारणाने मुलांच्या डोळ्यांवर रोखलेल्या. डिसेंबर २०१७ मध्ये भारत संसर्गी खुपऱ्यांपासून मुक्त जाहीर झाला तेव्हा मुलांमधले प्रमाण ०.७ टक्के होते, ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या संपल्याचा शिक्का दिला. आनंदाची गोष्ट. पण शून्याकडे आलेला आकडा कुठून निघाला होता, हे मुलांचे डोळे सांगू शकत नाहीत.

आणि धावड्यात तो आरंभ महत्त्वाचा आहे. हर्बर्ट मुंबईत होता तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थान, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य, आणि जालना जिल्हा झाला थेट १ मे १९८१ ला. एवढ्या वेळा दप्तर बदलल्यावर रोगाचा सलग हिशोब कागदावर कसा मिळावा? खुपऱ्या पाण्याच्या टंचाईवर पोसतात : न धुतलेले तोंड, चिपडांवर बसणारी माशी, एकाच पदराने पुसलेले चार पोरांचे डोळे, एकाच बोटाने फिरलेले काजळ. उपाय म्हणून पापणी उलटून मोरचूद घासायचे, ते सोसणे रोगापेक्षा कठीण. राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम १९६३ ला आला, टेट्रासायक्लिनचे मलम आले. मग १९५० च्या आधी जन्मलेल्यांत, १९६३ नंतर जन्मलेल्यांत आणि १९७२ च्या दुष्काळात रांगणाऱ्यांत खळग्यांचे प्रमाण वेगळे आहे का? मलमाने फरक पडला की नळाच्या पाण्याने, हा वाद पिढ्यांच्या तुलनेतून बराच सुटेल.

तिसरी शंका उरते : म्हातारा आज धावड्यात आहे म्हणून खुपऱ्या धावड्यातच झाल्या, हे कशावरून? सुना दुसऱ्या गावाहून आल्या, ऊसतोडीला माणसे हंगामभर बाहेर गेली. खरे आहे. पण खुपऱ्यांचे घर बालपणात असते, म्हणून राहते गाव न विचारता बालपणीचे गाव विचारले की बाईच्या डोळ्यात तिच्या माहेरचा इतिहास वाचता येतो. वेगळी मोहीमही नको. मोतीबिंदूसाठी जालन्याला, बुलढाण्याला, संभाजीनगरला जाणारे म्हातारे स्लिट लॅम्पसमोर हनुवटी टेकवतातच, डॉक्टर पापणी उचलतातच. केसपेपरवर वय असते, पत्ता असतो. त्याखाली दोन ओळी हव्यात : बालपणीचे गाव कोणते, आणि खळगे आहेत की नाहीत.