घरच्या कॉम्प्युटरला साधं फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर : कोणतं घ्यावं?

देगलूर, बिलोली, धर्माबाद असो की पलीकडचं बिदर, भालकी. कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की या पट्ट्यातली बरीच मंडळी हैदराबाद गाठतात. सिकंदराबादच्या पार्क लेनमधलं चेनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘सीटीसी’, त्यासाठीच ओळखलं जातं. कॉम्प्युटर घरी येतो आणि आठ दिवसांत पहिला प्रश्न उभा राहतो : पोराच्या फॉर्मसाठी फोटो छोटा कसा करायचा? मग कोणीतरी सांगतं, ‘फोटोशॉप टाकून घे.’ खरंच गरज आहे का त्याची?

आधी काम ठरवा

घरात फोटोची कामं साधारण तीनच असतात. ऑनलाइन फॉर्मसाठी फोटो आणि सही ठरलेल्या मापात बसवणं, जुने फोटो साफ करणं, आणि वाढदिवस, बारसं, लग्नाच्या फोटोवर मराठी मजकूर टाकणं. या तिन्हींसाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

फोटोशॉप १९९० पासून आहे आणि स्टुडिओवाल्यांसाठी उत्तमच आहे. पण २०१३ पासून कंपनीने ते भाड्याच्या पद्धतीवर नेलं, म्हणजे दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे. त्याला जागा आणि रॅमही भरपूर लागते. ‘फुकटात टाकून देतो’ असं कोणी म्हणालं, तर ती चोरीची प्रत समजा. तिच्यासोबत व्हायरस आला तर फोटोच काय, बँकेचे पासवर्डही जाऊ शकतात.

फॉर्मचा फोटो : इरफानव्ह्यू किंवा पेंट डॉट नेट

बँक भरतीच्या आयबीपीएस फॉर्मचंच घ्या. फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. मोबाइलचा फोटो दोन-चार एमबीचा, म्हणजे हजारो केबीचा असतो. तो तसाच टाकला तर साइट घेत नाही, आणि शेवटच्या तारखेच्या रात्री हे कळलं तर एक संधी हातची जाते.

इरफानव्ह्यू १९९६ पासून आहे. आकाराने जेमतेम काही एमबी, घरगुती वापराला फुकट, जुन्या विंडोज ७ वरही चालतं. आधी फोटो कापून घ्या, मग ‘रिसाइझ’मध्ये पिक्सेल भरा आणि जेपीजी म्हणून सेव्ह करा. त्याच्या जोडीचा प्लगइनचा संच टाकलेला असेल, तर सेव्ह करताना किती केबी हवेत तेही सांगता येतं. एकाच वेळी पन्नास फोटो छोटे करायचीही सोय आहे.

पेंट डॉट नेट २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झालं. जेपीजी सेव्ह करताना क्वालिटीची पट्टी सरकवली की फाइल किती केबीची होईल ते तिथंच दिसतं. स्वतःच्या साइटवरून ते फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मात्र पैसे पडतात. विंडोज १० किंवा ११ हवं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. केबी कमी करायचे तर आधी पिक्सेल कमी करा, क्वालिटी नंतर. नाहीतर चेहरा फाटल्यासारखा दिसतो. उलट, फाइल २० केबीच्याही खाली गेली तर क्वालिटी थोडी वाढवा.

आणि चेहरा गोरा करणं, डाग पुसणं फॉर्मच्या फोटोत नकोच. अमेरिकेच्या व्हिसाला चौकोनी फोटो लागतो, ६०० ते १२०० पिक्सेल, २४० केबीच्या आत. त्यात डिजिटल फेरफार चालत नाही. कापणं आणि माप बदलणं, इतकंच करा.

जुने फोटो : गिम्प

राजा दीनदयाळ यांनी १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ काढला, पुढे ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. मराठवाडा आणि बिदर १९५६ पर्यंत हैदराबादसोबत एकाच राज्यात होते. त्यामुळे इकडच्या ट्रंकेत हैदराबादला काढलेला आजोबांचा फोटो सापडला तर नवल नाही.

असा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि टिफ फाइल म्हणून ठेवा. जेपीजीमध्ये बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडा तपशील जातो. डाग, चिरा, घडीच्या रेघा काढायला गिम्प चांगलं. तेही १९९६ पासूनचं, पूर्ण फुकट. ‘हीलिंग’ आणि ‘क्लोन’ ही दोन हत्यारं आली तरी घरचं काम भागतं. शिकायला दोन-तीन रविवार जातील, इतकंच.

एआयने फोटो नवा करून देणाऱ्या साइटपासून जरा जपून. जिथं चेहरा पुसट असतो तिथं ती यंत्रं अंदाजाने नवा चेहरा भरतात. फोटो चकचकीत होतो, पण तो माणूस आपला आजोबा राहत नाही.

मराठी अक्षरं फुटतात का, ते बघा

घेण्याआधी ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रीकृष्ण’, ‘विठ्ठल’, ‘किर्ती’ असे शब्द टाइप करून पाहा. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच जागी बसते. गिम्प आणि पेंट डॉट नेटमध्ये युनिकोड मराठी नीट उमटतं. गिम्पसाठी मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी असा फॉन्ट निवडा.

काहीच टाकायचं नसेल तर

फोटोपी हे फोटोशॉपसारखं दिसणारं सॉफ्टवेअर थेट ब्राउझरमध्ये उघडतं. जाहिराती दिसतात, पण फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो, बाहेर अपलोड होत नाही. आधारची प्रत कापायची असेल तेव्हा हा फरक मोठा आहे.

थोडक्यात

जुना कॉम्प्युटर आणि फक्त फॉर्मचं काम : इरफानव्ह्यू. फॉर्म आणि थोडी सजावट : पेंट डॉट नेट. जुने फोटो : गिम्प. कधीमधी एखादं काम : फोटोपी. डाउनलोड मात्र त्या-त्या सॉफ्टवेअरच्या मूळ साइटवरूनच करा.

आणि कुठलंही घेतलं तरी मूळ फोटोला हात लावू नका. आधी कॉपी काढा, काम कॉपीवर करा, आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. गुगलचं पिकासा २०१६ मध्ये बंद झालं. सॉफ्टवेअर येतात, जातात. फोटो आपल्याला सांभाळायचे आहेत.